विंचवाचे बिऱ्हाड

२०२० साली धाराशिव येथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. मराठी ख्रिस्ती लेखकांच्या मालिकेत लक्ष्मीबाई टिळकांचे नाव फार मानाचे आहे.

लहानपणी लक्ष्मीबाई शाळेची पायरी चढल्या नाहीत. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती नारायण वामन टिळक हे कवी. त्यांनीच त्यांना घरी अक्षरे शिकविली. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आली. पूर्ण विचारांती १९०० साली लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला.

टिळकांचे बिऱ्हाड म्हणजे विंचवाचे! नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी अशी गावे बदलत गेली. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला व संसार साताऱ्यास हलविला. बिऱ्हाड हलविताना काय न्यावे, काय ठेवावे, असा प्रश्न गृहिणीला पडतोच. लक्ष्मीबाईंची विद्या मात्र कोणत्याही गाठोड्यात बांधावी लागली नाही. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ही सारी घरे अजरामर केली.

प्रश्न : घर बदलताना कोणती संपत्ती मागे राहत नाही? पाठाच्या आधारे सांगा.