लेबल सुटलं की माल परत! पाकिटाला कोणता गम लावायचा?

नाखवांनो, वहिनींनो, गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आपल्याकडची सुक्या बोंबलाची आणि जवळ्याची पाकिटं बडोद्याच्या पुढे सावलीला एका दुकानात पाठवली. तिथे मंजुसरच्या कारखान्यांमुळे बाहेरगावची गिऱ्हाईकं बरीच. माल एक नंबर होता, पण ट्रकच्या उष्म्यात निम्मी लेबलं सुटली. ना तारीख, ना किंमत. दुकानदाराने पाकिटं परत केली. त्याचं तरी काय चुकलं? लायसन्स नंबर, वजन, किंमत, तारीख आणि मांसाहाराची तपकिरी खूण नसेल तर तो विकणार कसा?

म्हणून आज लेबलच्या गमचा धडा.

स्टिकर घेताना दोन प्रश्न विचारा: चिकटवताना किती थंड-गरम असणार? आणि नंतर पाकीट कुठे राहणार? गम यावरूनच ठरतो.

१) सुकी मच्छी. रबरचा (हॉटमेल्ट) गम प्लॅस्टिकवर पटकन धरतो, पण उन्हात पिवळा पडतो, उष्म्याने आणि माशाच्या तेलाने मऊ होतो. लांब पाठवायच्या मालाला अॅक्रिलिक गम बरा. तो हळू धरतो, पण ऊन सोसतो. पूर्ण पकडायला त्याला साधारण एक दिवस द्या.

२) फ्रोझन सुरमई, कोळंबी. उणे १८ अंशाला साधा गम कडक होतो आणि लेबल टपकन निघतं. इथे 'फ्रीझर ग्रेड' गमच मागा. गोठलेल्या पाकिटावर लेबल लावू नका, त्यावरचं दव गमला धरू देत नाही.

३) बर्फाची पेटी. कागद भिजून लगदा होतो. प्लॅस्टिकचं (पीपी) लेबल आणि पाण्यात टिकणारा अॅक्रिलिक गम घ्या. बर्फ भरायच्या आधी, कोरड्या पेटीवर लावा. खळ किंवा पांढरा फेव्हिकॉल इथे चालणार नाही, पाण्यात सुटतो.

सगळ्यात सोपी युक्ती: लेबलं आदल्या दिवशी रिकाम्या, कोरड्या पिशव्यांवर लावून ठेवा. पिशवी सपाट असते, हाताला तेल नसतं, गमलाही रात्रभर वेळ मिळतो. तारीख आणि बॅच भरताना टाका. लेबल मधून कडेकडे दाबत न्या, हवा राहू देऊ नका.

पैसे द्यायच्या आधी परीक्षा घ्या. छापणाऱ्याकडून नमुन्याची लेबलं मागा. आपल्याच पिशवीवर लावा, एक दिवस थांबा. मग एक पिशवी फ्रीझरमध्ये, एक बर्फाच्या पाण्यात, एक उन्हात ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाने कोपरा उचलून बघा. सहज उठला तर तो रोल घेऊ नका.

आणि पिशवी बदलली की परीक्षा पुन्हा घ्या. एका प्लॅस्टिकवर धरणारा गम दुसऱ्यावर धरेलच असं नाही.

रोलमागे थोडे पैसे जास्त जातील, पण परत आलेल्या मालाचं भाडंही आपल्याच खिशातून जातं. तुमच्याकडे कोणतं लेबल टिकलं, कोणतं सुटलं? खाली लिहा, बाकीच्यांच्या कामी येईल.