अंगठींतून जाणारी शाल

विणकामाच्या तासाला एक मोजा पुरा करतां करतां ज्या मुलींना कंटाळा येतो, त्यांना ही हकीकत खरी वाटणार नाहीं. दोन वार लांब, दोन वार रुंद अशी लोकरीची शाल. वजन अवघें अडीच-तीन औंस. चिमटींत धरून ती बोटांतील अंगठींतून ओढली, तर एकही टाका न तुटतां पलीकडे निघते. म्हणूनच तिला ‘लग्नाच्या अंगठीची शाल’ हें नांव पडलें.

ही शाल स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांची. त्यांतील अगदीं उत्तरेचें वस्तीचें बेट उन्स्ट. तें या कामाविषयीं विशेष प्रसिद्ध आहे. तेथें वारा अखंड, झाड क्वचित्, आणि ऐन हिवाळ्यांत दिवस पुरता सहा तासांचाही नसतो. मेंढ्या मात्र लहानखुऱ्या व अतिशय मऊ लोकरीच्या. उन्हाळ्याच्या आरंभीं ही लोकर आपोआप सुटूं लागते; तेव्हां ती कातरीनें न कापतां हातानें उपटून घेण्याची तेथें जुनी रीत आहे. मानेजवळची लोकर सर्वांत तलम. शालीसाठीं तीच निवडावयाची. ती विंचरून चरख्यावर केसासारखें सूत काढतात व दोन पदर एकत्र पिळतात. विणतांना सूत सुईवर वेढून मुद्दाम छिद्र सोडावयाचें, आणि शेजारचे दोन टाके एकत्र विणून संख्या कायम राखावयाची; मुख्यतः या दोन क्रियांतूनच लाटा, पिसें, पंखे उमटतात. सुईवरून उतरलेली शाल चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ती धुवून ओली असतांनाच लांकडी चौकटीला दोऱ्यांनीं ताणून बांधली, म्हणजे तिचें खरें रूप उघडतें.

शेटलंडचेच सुपुत्र आर्थर अँडरसन यांनीं १८३७ सालीं राणी व्हिक्टोरियास तेथील तलम मोजे नजर केले. हेच गृहस्थ पी. अँड ओ. कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक. त्या कंपनीच्या आगबोटी पुढें कित्येक वर्षें मुंबईस टपाल व उतारू आणीत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत शेटलंडचें जाळीदार विणकाम मांडलें गेलें, आणि श्रीमंतांच्या घरीं त्याची चाल पडली. विणणारणीच्या हातीं मात्र रोकड क्वचित्च पडे. दुकानदार शालीच्या मोबदल्यांत चहा नाहीं तर कापड देई. घरांत पीठ नसे आणि हातांत चहाची पुडी असे. मग ती कोणाला तरी देऊन पीठ मिळवावें लागे. या पद्धतीची सरकारी चौकशी होऊन १८७२ सालीं अहवाल निघाला. त्यांतील बायकांच्या जबान्या वाचल्यावर ती शाल मला पूर्वीइतकी हलकी वाटत नाहीं.

हातांना विसांवा असा नसेच. पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालतांनाही त्या मोजे विणीत. कमरेच्या चामडी पट्ट्याला भोकांची एक भरीव गादी असे, तींत सुईचें टोंक खोंचलें कीं हात मोकळा राही. कडक प्रेस्बिटेरियन घरांतून रविवारीं मात्र सुया खालीं ठेवल्या जात. उपासनेहून परतल्यावर उरलेला दिवस शांतपणें वाचनांत जाई. आठवडाभर टाके मोजणाऱ्या डोळ्यांना तेवढा एक दिवस अक्षरांचा.

विक्रीस न जातां घरींच राहिलेली शाल बाप्तिस्म्याच्या दिवशीं बाळाला गुंडाळण्यास आणि लग्नांत वधूच्या खांद्यावर येई. आपल्याकडे आजीचा शालू नात नेसते, तसेंच हें. फरक इतकाच कीं शालू विणकराच्या मागावरचा, आणि येथें सूतही बहुधा घरच्याच हातचें.

अशी वस्तू जपण्याची रीत साधी आहे. खुंटीला टांगूं नये. स्वतःच्या भारानें ताणते. पाणी थंड असावें व पिळूं नये. कसर लागूं नये म्हणून वर्षांतून दोन-तीनदां उलगडून पहावी. ज्या मुली घरच्यांसाठीं कांहीं विणीत असतील, त्यांनीं दुरुस्तीकरितां त्याच सुताचें लहानसें गुंडाळें घडींत ठेवावें, आणि सोबत एक चिठ्ठी: आपलें नांव व साल. संग्रहालयांतून जतन झालेल्या जुन्या शालींपैकीं पुष्कळांची नक्षी आज टाका न् टाका सांगतां येते. विणणारीचें नांव मात्र सांगतां येत नाहीं.