पोळी कमी कर, मग सोया वाढ

अगं मनू, तुझा रिपोर्ट नीट वाचला. एचबीएवनसी ५.९, ट्रायग्लिसराइड्स चढलेली आणि पोटाचा घेर तर तू स्वतःच सांगितलास. घाबरू नकोस. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि तिथून मागे फिरता येतं. सोया प्रोटीनचा डबा मागवू का, असं विचारलंस ना? तो राहू दे.

आधी ताट बघ. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, त्यावर पातळ वरण. रात्री पुन्हा तेच. त्या वरणाच्या वाटीतून जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि तुझ्या साठ किलो वजनाला रोज पन्नासेक ग्रॅम लागतात. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली आले. आपल्या रोजच्या उष्मांकांतले सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतूनच येतात, असं त्यात दिसलं. एकूण उष्मांकांतले फक्त ५ टक्के पिष्टमय पदार्थांऐवजी वनस्पतिजन्य किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेतले, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसते, असंही त्यात आहे. म्हणून म्हणते, सोयाच्या वड्या त्याच ताटात वरून वाढून घेतल्यास तर काहीच साधणार नाही. एक पोळी आणि भाताची मूद काढ, मग त्या जागी वड्यांची भाजी घे. कोरड्या ३० ग्रॅम वड्यांतून साधारण १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पोट भरलेलं राहतं, चारच्या बिस्किटांची आठवणही होत नाही.

जाहिरातींवर मात्र भाळू नकोस. १९९५ साली एका गाजलेल्या विश्लेषणात सोया प्रथिनांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जवळपास १३ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं होतं. त्या जोरावर १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा छापायला परवानगी दिली. पुढच्या चाचण्यांत ती घट तीन-चार टक्क्यांवर आली आणि २०१७ मध्ये एफडीएनेच तो दावा मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. तीन-चार टक्केही चांगलेच, पण त्यासाठी डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही. उपाशीपोटीच्या साखरेवर तर नुसत्या सोयाचा परिणाम फारच थोडा.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्या लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या गाड्या लागतात, त्यातलं तेल आपल्या कढईत येतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेलात प्रथिनं नसतातच गं. सोयाबीन पिकवणाऱ्यांच्याच घरात बायका भाकरीबरोबर नुसतं कालवण खाऊन उठतात, हे मी मुकाट्याने बघू शकत नाही.

वड्या गरम पाण्यात भिजव, दोनदा घट्ट पिळून ते पाणी टाकून दे, म्हणजे उग्र वास जातो. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, काळ्या मसाल्यात कर; तेल बेताचंच. दळणात सोयाबीन घालणार असशील तर आधी खमंग भाजून घे. कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. तळलेल्या सोया स्टिक आणि साखर घातलेलं सोया दूध मात्र घरात आणूच नकोस.

तुझे यजमान पुरुषांच्या हार्मोनचं काहीतरी बोलत होते ना? त्यांना सांग, नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होत नाही, हे चाचण्यांत पुन्हापुन्हा दिसलंय. सासूबाईंना मात्र जप. त्या थायरॉईडची गोळी घेतात, आणि सोयामुळे ती नीट शोषली जात नाही. सकाळी अनशापोटी गोळी, सोया थेट दुपारच्या जेवणात. तुझे सासरे किडनीचं औषध घेतात, तेव्हा त्यांच्या ताटात वड्या वाढण्याआधी डॉक्टरांना विचार.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी कर. त्याआधी एचबीएवनसीत खरा फरक कळत नाही. तोवर रात्रीच्या जेवणानंतर चालायला जा. एकटीला कंटाळा येत असेल तर मला फोन लाव, मीही इकडे चालते.