दोष दांडीचा की सांध्याचा? : हौशी दुर्बिणीच्या सांगाड्याचा अभ्यास

परावर्तक दुर्बिणीत मुख्य आरसा खाली आणि छोटा तिरका आरसा वर असतो. दोहोंची जुळणी कायम राहिली तरच प्रतिमा रेखीव दिसते. बंद नळीऐवजी दांड्यांचा सांगाडा वापरला म्हणजे वजन घटते आणि दुर्बीण सुटी करून पांढुर्ण्याहून सौसरला बसने नेता येते. परंतु सांगाडा लवण्याचा प्रश्न उभा राहतो.

पांढुर्ण्याच्या एका मित्राची २० सेंटिमीटर व्यासाची, १२० सेंटिमीटर नाभीय अंतराची अशी दुर्बीण मी तपासली. डोक्यावरचा तारा टिंबासारखा दिसे. दुर्बीण खाली झुकवली की त्याला एका बाजूस शेपूट फुटे. हवेमुळे प्रतिमा थरथरते, पण असे एकाच बाजूचे शेपूट आरशांची जुळणी बिघडल्याचे लक्षण होय. सौसरच्या शाळेतील मुलांना शनीची कडी दाखवायची होती आणि शनी त्या दिवसांत आकाशात खालीच होता. मित्र जाड नळ्या विकत घ्यायला निघाला होता. खर्चाआधी परीक्षा करावी, असे मी सुचवले.

परीक्षा सोपी आहे. दुर्बीण उभी धरून आरसे जुळवावेत. नेत्रिकेच्या जागी बारीक छिद्राचे झाकण बसवून मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण पाहावी. मग दुर्बीण ३० अंशांपर्यंत झुकवून पुन्हा उभी करावी. खूण सरकून मूळ जागी परतली, तर दांड्या लवतात. परतली नाही, तर सांधे ढिले आहेत किंवा आरसा बैठकीत घसरतो. येथे आरसा पक्का होता. खूण मात्र अर्धीच परतली. म्हणजे दोष दोन्ही ठिकाणी होता.

सांगाड्यात ४ समांतर दांड्या होत्या. अशा दांड्या आडव्या भाराने वाकतात आणि हे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: लांबी दीडपट, तर वाकणे सुमारे ३.४ पट. उपाय आपल्या डोक्यावरच असतो. पत्र्याच्या मोठ्या छपराखालची लोखंडी कैची पाहा. त्रिकोणातील दांडीवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो. ती वाकत नाही. १९४८ साली लोकार्पण झालेल्या पालोमारच्या सुमारे ५ मीटर आरशाच्या दुर्बिणीसाठी मार्क सेरुरिए या अभियंत्याने हेच तत्त्व योजले. त्याच्या रचनेत दोन्ही टोके लवतात, पण सारखी आणि परस्परांना समांतर. म्हणून जुळणी टिकते.

आम्ही पूर्वीच्याच जाडीच्या ८ नळ्यांचे ४ त्रिकोण केले. प्रत्येकाचे दोन पाय खालच्या पेटीच्या कोपऱ्यांवर, शेंडा वरच्या कड्यावर. शेंड्याशी दोन्ही नळ्यांच्या मध्यरेषा एकाच बिंदूत मिळतील अशी काळजी घेतली. भोकात घट्ट बसणारे बोल्ट आणि रुंद वायसर वापरले. पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा खूण जवळजवळ हललीच नाही. जाड नळ्यांचा खर्च वाचला आणि मुलांना शनीची कडी स्वच्छ दिसली.

विद्यार्थिमित्रांनी एवढे ध्यानात ठेवावे: बळकटी जाडीपेक्षा रचनेतून येते, आणि कोठे बळकटी हवी हे आधी परीक्षेला विचारावे.