हवेतल्या सायकलचं नाक खाली का जातं?

प्रश्न : माझ्याकडे माउंटन बाइक आहे. टेकडीवरच्या मातीच्या रॅम्पवरून उडी मारली की दर वेळी पुढचं चाक आधी आपटतं. हवेत हँडल जोरात वर ओढून पाहिलं, फरक पडत नाही. व्हिडिओतली मुलं तर अलगद उतरतात. माझं चुकतं कुठे?

उत्तर : हवेत तर नक्कीच नाही. दोन्ही चाकं सुटली की तुमचा आणि सायकलचा मिळून जो गुरुत्वमध्य, त्याची वाट ठरलेली असते. निघताना दोघांना मिळून जी गिरकी मिळाली असेल, ती बदलायला टेकूच उरत नाही. हँडल ओढलंत तर नाक थोडं वर येईल, पण त्या बदल्यात तुमची छाती पुढे झुकेल. तक्रार हवेतली असली तरी तपास रॅम्पवरच करावा लागतो.

पहिला संशय वेगावर. सायकलच्या दोन आसांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर असतं. ताशी १० किलोमीटरने जाताना पुढचं चाक कडेवरून सुटल्यावर मागचं तिथे पोचायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. ताशी २० ला त्याच्या निम्मा. तेवढा वेळ पुढचं चाक अधांतरी, मागचं मातीवर. मग ते खाली झुकणारच. त्यात ऐन कडेवर भीतीने ब्रेक दाबला, तर वजनही पुढे जातं.

पण नुसता वेग वाढवून भागणार नाही, कारण खरा घोळ बहुतेकदा पायांत असतो. रॅम्प चढताना बरेच जण गुडघे वाकवून तसेच गोठून बसतात. दबलेलं टायर आणि मागचा शॉक कडेवर उसळतो, पाय ती उसळी मुकाट गिळतात आणि मागचं चाक वर फेकलं जातं. करायचं ते उलट. रॅम्पच्या पायथ्याशी अंग खाली दाबायचं आणि चढत असताना पेडलवर जोर देत पाय सरळ करत जायचं. मागचं चाक कड सोडेल तेव्हा तुम्ही जवळजवळ उभे असायला हवं. हात ओढायचे नाहीत, सैल ठेवायचे. मग सायकल हवेत आपणहून तुमच्याकडे वर येते. व्हिडिओत दिसणारा अलगदपणा तो हाच.

हवेत मागचा ब्रेकही दाबू नका. फिरतं चाक थांबलं की त्याची गिरकी सायकलला मिळते आणि नाक आणखी खाली जातं. मोटोक्रॉसवाले अवजड चाकांमुळे ही युक्ती मुद्दाम वापरतात. तुमच्या हलक्या चाकात परिणाम थोडा, पण नको त्याच दिशेने.

आता उतरणं. एक मीटर उंचीवरून पडलेलं अंग १० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या दहापट होतं. हातपाय दुमडत ५० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर दुप्पट. झेल घेताना हात मागे नेतो, तोच हिशेब. उतरायची जागाही उताराची हवी, म्हणजे वेगाचा बराचसा भाग पुढे वाहून जातो. सपाटीवर उतरायच्या मोठ्या उड्या शौर्याच्या वाटतात, पण गुडघ्यांना ते शौर्य कळत नाही.

सरावासाठी टेबलटॉप शोधा : रॅम्प आणि उताराच्या मधली जागा मातीने सपाट भरलेली असते, त्यामुळे उडी तोकडी पडली तरी खड्ड्यात जात नाही. कॅनडातल्या व्हिस्लर बाइक पार्कची ए-लाइन ही वाट अशा टेबलटॉपांच्या रांगेसाठीच प्रसिद्ध आहे. तुम्हाला तेवढं मोठं काही नको. गुडघाभर उंचीचं पुरे. आधी त्यावरून न उडता नुसती सायकल चालवत न्या, उतार कुठे सुरू होतो ते पाहा, मग वेग थोडाथोडा वाढवा. सीट पूर्ण खाली, फुल-फेस हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. आणि मागच्या शॉकचा रिबाउंडचा, म्हणजे उसळीचा वेग ठरवणारा, स्क्रू एक-दोन टिचक्या हळूच्या बाजूला फिरवून बघा; तुमची निम्मी तक्रार कदाचित तिथेच असेल.