गाईचं कॅल्शियम आणि आपलं डिफरन्शियल इक्वेशन

टाकीचं गणित आपण सगळ्यांनीच केलंय: आत येणारं वजा बाहेर जाणारं. आमच्या कळंबकडे संकरित गाय व्याली की कधीकधी दुसऱ्याच दिवशी खाली बसते, कान थंड पडतात, मान कुशीकडे वळते. हा दुग्धज्वर. नावात ज्वर, पण अंगात ताप नाही!

इथे टाकी म्हणजे रक्त. त्यात कॅल्शियम जेमतेम ३ ग्रॅम, आणि १० लिटर चिकातून जातं २० ग्रॅमच्या आसपास. हाडांत साठा किलोंनी आहे. मग अडतं कुठे? विलंबात. पॅराथायरॉइडचा हुकूम सुटला तरी हाडं आणि आतडी जोर धरायला एक-दोन दिवस घेतात. म्हणजे आवक आत्ताच्या नाही, कालच्या पातळीवर ठरते. विलंब शून्य धरा, कागदावरची गाय बसतच नाही. एक दिवस धरा, आलेख सरळ खाली. तिसऱ्या वेतानंतर हा विलंब आणखी वाढतो.

म्हणूनच विण्याआधी भरपूर कॅल्शियम चारणं उलटं पडतं, ग्रंथी सुस्तावते. बसलेल्या गाईला मात्र शिरेतून कॅल्शियम लागतं, तेही डॉक्टरांच्याच हातून आणि हळूहळू. घाईने सोडलं तर हृदय बंद पडू शकतं.