गोऱ्ह्याला बडवताना मुलानं पाहिलं

प्रश्न : गोऱ्ह्याला बडवताना, म्हणजे दगडानं ठेचून खच्ची करताना, सात वर्षांच्या मुलानं पाहिलं. तेव्हापासून तो रात्री दचकून उठतो, गोठ्यात जात नाही. काय करावं?

उत्तर : त्याला भित्रा म्हणू नका. ‘माझंही असंच करतील का?’ ही भीती या वयात मनात बसू शकते आणि मूल ती बोलून दाखवत नाही. म्हणून आपणहून स्पष्ट सांगा : मुलांना असं कुणी कधीच करत नाही. गोऱ्हा औताला शांत चालावा म्हणून करतात, हेही सांगा. ‘ऐकलं नाहीस तर तुलाही...’ ही थट्टा तर घरात कुणीच करू नये. ती क्रूर आहे. यापुढे दगडानं ठेचणं बंद करा. पशुवैद्यकांकडून भूल देऊन बर्डिझो चिमट्यानं करून घ्या. त्यात कातडी न कापता आतली नस चेपली जाते. महिनाभरात झोप सुधारली नाही, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.